थोरलीच्या मुठीचं मीठ

धाकटीच्या मुलीला जुळं झालं, दोन्ही मुली, त्या वर्षीची ही गोष्ट. या घरात साल कुणी आकड्यात सांगत नाही. घर बांधलं ते वर्ष, थोरलीचे यजमान गेले ते वर्ष, जुळी झाली ते वर्ष, असंच सगळं लक्षात राहतं.

धाकटी म्हणजे घरातली धाकटी जाऊ. वयानं साठी ओलांडलेली, गुडघे कुरकुरायला लागलेले, आता आजीसुद्धा झालेली. पण डोक्यावर थोरली जाऊ होती, त्यामुळे धाकटी ती धाकटीच. साऱ्या गल्लीला त्या दोघी थोरली आणि धाकटी म्हणूनच माहीत. खरी नावं फक्त पोस्टमनला ठाऊक, तीसुद्धा पाकीट हातात असेपर्यंत.

घर अरुंद आणि लांब. पुढच्या खोलीत धाकटीच्या नवऱ्याचं घड्याळदुरुस्तीचं दुकान. त्याला सगळे घड्याळजी म्हणत, बायकोसुद्धा. मधली खोली झोपायची, मागे स्वयंपाकघर, आणि त्याच्याही मागे पन्नास पावलं लांबीचा जमिनीचा पट्टा. थोरलीचा नवरा छापखान्यात होता. त्याला जाऊन अकरा वर्षं झाली होती. एकुलता एक मुलगा पूल बांधणाऱ्या कंपनीत, दूरच्या शहरात, चौथ्या मजल्यावर राहायचा. नवरा गेल्यावर तो न्यायला आला होता, पण थोरली गेली नाही. "मला पायाखाली जमीन लागते," एवढंच म्हणाली.

दर वर्षी उन्हाळा उतरला, सकाळच्या उन्हातला चटका गेला, झाडांची पानं पिवळी पडायला लागली, की या स्वयंपाकघरात भाज्या खारवायचं काम निघे. मागच्या पट्ट्यातल्या काकड्या, कोबी, गाजरं, पिकायचे राहून गेलेले हिरवे टोमॅटो. कमी पडेल ते बाजारातून. लाल टोमॅटो शिजवून, गाळून, आटवून बाटल्यांत जायचे. बाकीचं सगळं मिठाच्या पाण्यात, चिनी मातीच्या उंच बरण्यांत. एकोणीस बरण्या. जिन्याखालच्या गार कोठीत त्या ओळीनं लागल्या की घरादाराला थंडीची धास्ती राहत नसे.

चौतीस वर्षं कामाची वाटणी ठरलेली. धुणं, चिरणं, लसूण सोलणं, पाणी उकळून निववणं हे धाकटीचं. भाज्या परातींत तयार झाल्या की ती बाहेर यायची आणि दार ओढून घ्यायची. मग आत थोरली एकटी. बरण्यांत भाज्यांचे थर लावायचे आणि थराथरांत मीठ पेरायचं. माप नाही, काटा नाही. एका बरणीला थोरलीची एक मूठ. त्या वेळी आत कुणी थांबायचं नाही, कुणी हाक मारायची नाही. बोललं की हात चुकतो, असं तिचं म्हणणं. एकदा घड्याळजी पाणी प्यायला आत डोकावला होता, तर तिनं नुसत्या नजरेनं त्याला तहानलेला परत पाठवला. धाकटीचा पंजा चांगला रुंद. "तुझ्या मुठीनं घातलं तर ताटात समुद्र येईल गं," थोरली म्हणायची. धाकटीनं चौतीस वर्षांत मिठाला हात लावला नव्हता, आणि त्याचं तिला कधी वाईटही वाटलं नव्हतं.

उन्हाळ्यात धाकटी मुलीच्या बाळंतपणाला गेली ती तीन महिने राहिली. एक मूल असतं तर महिन्यात परतली असती. दोघींनी मिळून तिला धरून ठेवलं. घरी आली तेव्हा थोरलीनं दारातच विचारलं, "दोघींत मोठी कोण गं?"

"गालावर तीळ आहे ती. सात मिनिटांनी मोठी."

चहा उकळेपर्यंत थोरलीनं तेच पुन्हा विचारलं. चहा पिताना आणखी एकदा. धाकटीनं तिन्ही वेळा हसून तेच उत्तर दिलं, पण तिसऱ्या वेळी तिनं अर्धा कप तसाच खाली ठेवला.

पुढच्या पंधरा दिवसांत तिला सगळं कळून चुकलं. चाकू पिठाच्या डब्यात सापडला. मागच्या नळाला पाइप लावून थोरली विसरली आणि गाजरांच्या वाफ्यात तळं झालं. दूध करपलं, ते भांडं घासेपर्यंत दुसरं करपलं. थोरलीलाही कळत होतं. भांड्याचं काळं बूड बघून ती अशी उभी राहायची, जसं काही भांडं दुसऱ्या कुणाच्या घरचं आहे. "मी ठेवलं होतं का गं हे?" ती विचारायची, आणि तिचे डोळे भरून यायचे. ते भरलेले डोळे धाकटीला बघवायचे नाहीत.

मग धाकटीनं एक नवंच काम अंगावर घेतलं. दूध करपलं तर ते तिनं करपवलेलं. नळ उघडा राहिला तर तो तिनं टाकलेला. "तुम्ही नाही हो अक्का, मीच," हे वाक्य तिच्या तोंडात इतकं बसलं की कधीकधी विचारायच्या आधीच बाहेर यायचं.

"तू आल्यापासून घरात दूध फार करपतंय," घड्याळजी म्हणाला. "मुलीकडे काय, डोकं विसरून आलीस?"

"हो," धाकटी म्हणाली. "पाळण्यातच राहिलं."

पण थोरलीचा मुलगा इतका साधा नव्हता. एका रविवारी तो न कळवता आला. स्वयंपाकघरात आला तर गॅस चालू, वर रिकामी किटली, तिचा तळ लाल व्हायला आलेला. धाकटी मागच्या दारातून धावत आली, गॅस बंद केला आणि म्हणाली, "मीच ठेवली रे. बाहेर गेले आणि विसरले."

"काकू," तो म्हणाला, "मी आत यायच्या आधी पाच मिनिटं खिडकीशी उभा होतो. आईनं ठेवली. मी बघितलंय."

धाकटीचा चेहरा खर्रकन उतरला.

"किती दिवस चाललंय हे?"

"काही चाललेलं नाही. वय झालं की होतं असं. तुझे काका बघ, चष्मा कपाळावर ठेवून घरभर शोधत फिरतात."

"माझं नाव कशाला मध्ये?" दुकानातून घड्याळजीचा आवाज आला.

"फोनवर दर वेळी तुम्ही मला सांगता, अक्का ठणठणीत आहेत. तिला फोन देत नाही, म्हणता झोपल्यात. दिवसाच्या अकरा वाजता झोपल्यात?" मुलगा रागावलेला नव्हता, त्याचा आवाज थकलेला होता. "उद्या हे घर पेटलं म्हणजे तेही तुम्हीच पेटवलं असं सांगणार का?"

तेवढ्यात थोरली पदरात गाजरं घेऊन दारात उभी राहिली. तिनं सगळं ऐकलं होतं. "माझ्याबद्दल बोलताय, तर मला बसायला तरी जागा द्या," ती म्हणाली.

ती बसली. मुलानं सांगितलं ते तिनं मान खाली घालून ऐकलं. त्याच्या शहरात चांगले डॉक्टर आहेत, सून दिवसभर घरी असते, खोली रिकामी आहे. तो सगळं नीट, प्रेमानं बोलला. थोरली गाजराची माती अंगठ्यानं खरवडत राहिली.

"या वर्षीच्या बरण्या होऊ देत," शेवटी ती म्हणाली. "एकोणीसच्या एकोणीस. भरीन मी, मीठ मी घालीन. सहा आठवड्यांनी तू ये आणि स्वतः चाखून बघ. जमल्या असतील तर हा विषय परत काढायचा नाही. बिघडल्या असतील तर मी बॅग भरीन, एक शब्द बोलणार नाही."

"आई, बरण्यांवरून काय ठरतं?"

"तू पूल बांधल्यावर वरून भरलेली गाडी नेऊन बघतोस ना? तसंच समज."

मुलाला हसू आलं, आणि हसता हसता त्यानं "बरं" म्हटलं. थोरली एकदा शब्द देऊन बसली की मागे फिरायची नाही, हे धाकटीला तिघांत सगळ्यात जास्त ठाऊक होतं. थोरली गेली तर हे घर म्हणजे नुसतं भिंतींमधून जायचा रस्ता राहील, असं तिला वाटलं. लग्न होऊन आली तेव्हा तिला साधी भाजी चिरता येत नव्हती. थोरलीनं तिला मागे उभं राहून, तिचे हात आपल्या हातांत धरून शिकवलं होतं. पोरीच्या जन्माच्या वेळी तीन दिवस तिच्या उशाशी थोरलीच होती.

त्यानंतरचे दोन आठवडे थोरली दुपारी जिन्याखालच्या कोठीत जाऊन बसायला लागली. दार लोटलेलं असे. आतून कागदाची सळसळ यायची.

"काय शोधताय अक्का? मी देऊ का काढून?"

"काही नाही. तू जा."

धाकटी गप परत फिरायची. कशासाठी आत गेलो हेच त्या विसरत असतील आणि ते कबूल करवत नसेल, असं समजून तिचं काळीज तुटायचं.

मग भाज्यांचे दिवस आले. पट्टा रिकामा झाला, भाजीवालीनं हातगाडीभर कोबी, फ्लॉवर आणि जाड मिरच्या आणून मागच्या दारी ओतल्या. दोन दिवस लाल टोमॅटोंचे. मोठ्या पातेल्यात ते फुटून रटरटायला लागले की भिंतीवर, शेगडीवर, धाकटीच्या कपाळावर लाल शिंतोडे उडत. थोरली चाळणीवर टोमॅटो घासून गाळत होती आणि तिचा हात जराही अडखळत नव्हता. हाताला सगळं आठवत होतं. बोलणं मात्र फिरून फिरून तिथंच यायचं.

"मोठी कोण म्हणालीस?"

"तीळवाली."

"मग धाकटीला सांग, मोठीच्या हाताखाली पडू नको," थोरली म्हणाली आणि स्वतःच खो खो हसली. धाकटीही हसली. दुकानातून घड्याळजी ओरडला, "वहिनी, मोठीच्या हाताखाली राहिलं की धाकटीचं वजन वाढतं, हेही सांगा!"

"भावोजी, तुमच्या घड्याळांत जेवढी मिनिटं चुकतात, तेवढ्या पोळ्या तुम्ही खाता. तुम्ही बोलू नका."

तिसऱ्या दिवशी खारवायचं. पहाटेपासून चिरून चिरून धाकटीची बोटं हिरवी झाली. काकड्यांची टोकं काढली, कोबीच्या फाका केल्या, गाजरांचे लांब तुकडे, फ्लॉवरचे तुरे. लसूण, मिरी, तमालपत्र वाटीवाटीनं मांडून ठेवलं. एकोणीस बरण्या गरम पाण्यानं धुऊन उन्हात पालथ्या घातल्या होत्या, त्या आत आणल्या. मग ती बाहेर आली, दार ओढलं आणि पायरीवर बसली. आतून परातीचा आवाज, बरणी सरकवल्याचा आवाज. मनातल्या मनात ती थोरलीचे हात चालवत होती.

तासाभरानं दार उघडलं. "झालं," थोरली म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर इतक्या दिवसांत नव्हती अशी शांतता होती.

दोघींनी मिळून निवलेलं पाणी ओतलं. वर उलटी ताटली, ताटलीवर धुतलेला दगड, आणि बरणीच्या तोंडाला स्वच्छ फडक्याचा दादरा घट्ट बांधला. जेवण झाल्यावर थोरली मधल्या खोलीत आडवी झाली आणि लगेच घोरायला लागली.

धाकटी ओट्यावरचा पसारा आवरायला गेली. कोपऱ्यात जाड्या मिठाची पिशवी होती. घड्याळजीनं आठवड्यापूर्वी आणलेली, पाच किलोची. तिनं ती उचलली आणि जागच्या जागी थिजली. पिशवीचं तोंड शिवलेलंच होतं. दोरा जसाच्या तसा.

तिनं पिशवी खाली ठेवली. मग कोठीत गेली. पहिल्या बरणीचा दादरा सोडला, दगड उचलला, वरच्या पाण्यात बोट बुडवून जिभेला लावलं. अळणी. दुसरी बरणी. अळणी. तिसरी, चौथी. नुसतं उकळून निवलेलं पाणी. दर वर्षी थराथरांत मीठ असायचं, ओतल्या ओतल्या वरचं पाणी खारट लागायचं. आज काहीच नाही. विसरल्या. तासभर आत बसून, एकोणीस बरण्या भरून, मीठच विसरल्या.

उठवून सांगावं असं तिच्या मनात आलं. पण त्या मघाच्या चेहऱ्यावरची शांतता आठवली. सांगितलं की ते डोळे पुन्हा भरणार, आणि थोरली आजच बॅग काढणार. धाकटीनं कात्रीनं पिशवीचा दोरा कापला. एकेका बरणीत एक मूठ. आपली मूठ मोठी आहे हे तिला आठवत होतं, म्हणून ती मूठ अर्धवट उघडून थोडं मीठ परत सांडत होती. चौतीस वर्षांत पहिल्यांदा ती हे काम करत होती, तेही चोरासारखं. एकोणिसाव्या बरणीचा दादरा बांधून तिनं गाठी तपासल्या. थोरली उजवीकडे गाठ मारते, म्हणून सगळ्या गाठी तिनं उजवीकडे मारल्या.

सहा आठवडे बरे गेले. थोरलीला जणू नवं बळ आलं होतं. "या वर्षी मला खात्री आहे," ती म्हणायची, आणि कसली ते सांगायची नाही. धाकटीही निर्धास्त होती. चाखून बघायचा प्रश्नच नव्हता. एकदा बांधलेली बरणी सहा आठवडे उघडायची नाही, हा घरचा नियम तिनं एकदा मोडला होता, तो पुन्हा मोडायची तिची छाती नव्हती.

ठरल्या रविवारी मुलगा आला. जेवणाच्या टेबलावर चौघं बसले. भात, वरण, उकडलेले बटाटे आणि मधोमध रिकामी काचेची ताटली. थोरली स्वतः कोठीत गेली, पहिली बरणी उचलून आणली, दादरा सोडला आणि ताटलीत काकडी, गाजर, कोबी काढला. काकड्या सुरकुतून बोटाएवढ्या झाल्या होत्या.

मुलानं काकडीचा तुकडा तोंडात घातला. चावला. त्यानं गिळायचा खूप प्रयत्न केला, हे सगळ्यांना दिसलं. शेवटी त्यानं रुमाल तोंडाशी धरला.

"काय झालं?" थोरलीनं विचारलं.

तिनं स्वतः तुकडा उचलला. तोंडात घातला आणि तशीच बसून राहिली. मग उठली, दुसरी बरणी आणली, मग तिसरी. चौथीला घड्याळजीनं तिचा हात धरला. "वहिनी, बसा."

"असं कसं होईल?" थोरली म्हणाली. "मी पुड्या केल्या होत्या." ती मधल्या खोलीत गेली आणि ट्रंकेतून कागदांची चळत घेऊन आली. छापखान्यातले जुने पिवळे कागद, चौकोनी कापलेले, घडीच्या खुणा असलेले. तिनं ते टेबलावर एकेक मांडले. "मला माहीत होतं ना, मी विसरते. म्हणून आधीच बसून एकेका मुठीची पुडी बांधली. एकोणीस. थराथरांत घालत बसले तर कुठवर आले ते विसरीन, म्हणून रिकाम्या बरणीच्या तळाशीच एक पुडी ओतायची, कागद कमरेला खोचायचा, मग भाजी भरायची. सगळ्या झाल्यावर कागद मोजले. एकोणीस. तू मोज. एकही चुकला नाही."

धाकटीला सगळं एकदम कळलं. तळाशी मीठ, वर अळणी पाणी. कोठीतली कागदाची सळसळ.

"मीठ मी घातलं," ती म्हणाली.

मुलगा कागद गोळा करायला लागला.

"अरे, मी घातलं! अक्कांनी घातलं होतं, बरोबर घातलं होतं. मला पिशवी शिवलेली दिसली. वरचं पाणी चाखलं तर अळणी. मला वाटलं विसरल्या. त्या झोपल्या होत्या, मी बरण्या सोडल्या आणि प्रत्येकीत मूठ घातली. ही बघा, माझी मूठ!" तिनं आपला रुंद पंजा टेबलावर आपटला.

मुलानं त्या पंजावर हात ठेवला. "काकू, पुरे आता," तो हळू म्हणाला. त्याचे डोळे ओले झाले होते. "दूध तुम्ही करपवलंत. नळ तुम्ही उघडा ठेवलात. किटली तुम्ही जाळलीत. आता मीठही तुम्हीच. तुमचे उपकार मी जन्मात विसरणार नाही. पण पुरे."

"ते खोटं होतं रे. हे खरं आहे!"

ती धावत जाऊन मिठाची पिशवी घेऊन आली. अर्धीअधिक रिकामी. "ही बघ. ही मी उघडली."

मुलानं पिशवीकडे बघितलं, मग आईकडे. "आई, तू पुड्या कुठल्या मिठाच्या केल्यास?"

थोरलीनं पिशवी उलटसुलट फिरवून बघितली. "आठवत नाही," ती म्हणाली. "याच्याच असतील. दुसरं मीठ घरात कुठं होतं?"

"जुना डबा, अक्का! गेल्या वर्षीचं उरलेलं, पत्र्याच्या डब्यातलं! कोठीत तुमच्यासमोरच होता तो!"

"असा डबा होता?"

डबा होता. कोठीच्या फळीवर, घासून पुसून पालथा घातलेला, कोरडा. तो डबा बघून कुणाला काय कळणार होतं?

"पोरींची शपथ," धाकटी रडत म्हणाली. "माझ्या दोन्ही नातींची शपथ घेऊन सांगते..."

थोरलीनं झटकन पुढे होऊन तिच्या तोंडावर हात ठेवला. "वेडी का तू? पोरींना मध्ये आणतेस? माझ्यासाठी खोटं बोलायला पोरींची शपथ घेतात का?" मग तिचा आवाज मऊ झाला. "राहू दे, धाकटे. किती अंगावर घेशील माझं? पुड्या एकोणीसच होत्या. मूठच माझी राहिली नाही."

तिनं उजव्या हाताची मूठ वळली आणि डोळ्यांसमोर धरून बघितली. मग उघडली आणि मांडीवर ठेवली.

ती शब्दाला जागली. बुधवारी गेली. एक शब्द बोलली नाही. गाडीत बसताना धाकटीनं पुन्हा तेच सांगायला तोंड उघडलं, तर थोरलीनं तिच्या गालावरून हात फिरवला, आजारी पोराच्या फिरवतात तसा.

घड्याळजीनं त्या संध्याकाळी दुकान लवकर बंद केलं. "मला एकदा खरं सांग," तो बायकोला म्हणाला.

"चारचौघांत सांगितलं ते काय होतं?"

त्यानं तिच्याकडे नीट बघितलं. चाळीस वर्षांचा संसार. तिचं खोटं तो पाठमोऱ्या चालीवरून ओळखायचा. रविवारी तिच्याकडे त्यानं बघितलंच नव्हतं, तो वहिनीकडे बघत होता. दुसऱ्या दिवशी त्यानं पुतण्याला फोन केला. पुतण्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "काका, आता तुम्हीही?"

एकोणीस बरण्या धाकटीनं फेकल्या नाहीत. रोज थोडी भाजी काढून ती तीन पाण्यांत भिजवायची, पिळायची, पुन्हा भिजवायची. तरी तोंडात घातली की जिभेला चिरे पडायचे. दोघांनी ती थंडीभर खाल्ली. घड्याळजी, जो भातात एक खडा लागला तरी घर डोक्यावर घ्यायचा, तो एक अक्षर न बोलता खायचा आणि वर दोन तांबे पाणी प्यायचा.

धाकटी दर रविवारी फोन करायची. सुरुवातीला थोरली विचारायची, पट्ट्यातली माती उलटली का, लसूण लावला का. सुनेबद्दल चांगलं बोलायची. "इथं सगळं हातात मिळतं," म्हणायची. "मला काही करू देत नाहीत. बसून बसून पाय हलके झालेत." नंतर बोलणं कमी होत गेलं. मग एका रविवारी सून म्हणाली, आज त्यांना बरं वाटत नाहीये, पण आवाज ऐकवते.

"अक्का," धाकटी म्हणाली, "ऐकताय ना? एक सांगायचंय. मीठ मी घातलं होतं. तुमचं बरोबर होतं. तुमची मूठ बरोबर होती."

"कुठलं मीठ?" थोरलीनं विचारलं.

"बरण्यांतलं. आपल्या बरण्यांतलं, अक्का."

"हां," थोरली म्हणाली. आणि थोड्या वेळानं, अगदी आदरानं, परक्या बाईशी बोलावं तसं तिनं विचारलं, "आपण कोण बोलताय?"

धाकटीनं आपलं नाव सांगितलं. खरं नाव, पोस्टमनला ठाऊक असलेलं. ते ऐकून तिकडून काहीच आलं नाही, आणि सुनेनं फोन काढून घेतला.

थोरली त्याच थंडीत गेली. फेब्रुवारीच्या नऊ तारखेला, मंगळवारी, सकाळी सव्वासात वाजता, मुलाच्या घरी, चौथ्या मजल्यावर. तिला एकाहत्तर वर्षं पूर्ण व्हायला बारा दिवस कमी होते.